जुहूची धावपट्टी, अंदमानचं पाणी

वडगाव रासाईला आमच्या शेतापाशी भीमा येते तेव्हा तिच्यात पवना धरणाचंही पाणी असतं. वर रांजणगाव सांडसला मुळा-मुठेसोबत ते भीमेला मिळतं. त्याच पवनेच्या जलाशयावर ऑगस्ट २०१४मध्ये जुहूहून सीप्लेन आलं. केवढं कौतुक झालं! पण ही सेवा रुजली नाही. द्रुतगती महामार्ग हाताशी असताना तिच्यावाचून कुणाचंच अडत नव्हतं.

जुहूनं त्याआधी 'जलहंस' पाहिलं होतं. ३० डिसेंबर २०१० रोजी प्रफुल्ल पटेल यांनी तिथे त्याचं उद्घाटन केलं. पवन हंस आणि अंदमान प्रशासन यांची ही देशातली पहिली व्यावसायिक सीप्लेन सेवा. सावरकर १९११मध्ये 'महाराजा' बोटीनं ज्या अंदमानात पोचले, तिथे शंभर वर्षांनी हे विमान निघालं.

त्यातून मी पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला गेलो. चढण्याआधी सामानाबरोबर आमचंही वजन झालं. पंख डोक्यावर असल्यानं खिडकीतून किनारा सलग दिसतो. आधी खारफुटीची काळपट हिरवी कड, मग प्रवाळावरचं पोपटी पाणी आणि तिथून एकदम गडद निळाई. निघताना धावपट्टीवर पळालेली चाकं उतरताना फ्लोटमध्ये वर घेतलेली. पाणी आरशासारखं निश्चल असलं की वैमानिकाला उंचीचा अंदाज येत नाही, म्हणून बारीक लाटा असलेल्या बऱ्या. टेकताच काचांवर फेस उसळला आणि पोटात गोळा आला. ते दृश्य आयुष्यभर पुरेल.

पण तिथे हे विमान नुसत्या हौसेचं नव्हतं. दिगलीपूरला रस्त्यानं जायचं तर दिवस मोडतो. तरीही तीही सेवा बंद पडली, याची मला खरी हळहळ वाटते. दुसऱ्या महायुद्धाआधी इंपीरियल एअरवेजच्या उडत्या बोटी राजसमंद आणि ग्वाल्हेरच्या तलावांवर उतरत, कारण टपाल आणि प्रवासी लांब न्यायचे होते. युद्धानंतर जागोजागी लांब धावपट्ट्या झाल्या आणि त्या बोटी मागे पडल्या. गरज असेपर्यंतच हे वाहन टिकतं. डिसेंबर २०१७मध्ये गिरगाव चौपाटीवरही चाचणी झाली. गर्दी जमली, सेवा काही आली नाही.

आता अधूनमधून उजनीचं नाव निघतं. तिथे विमान उतरवायचंच असेल तर आधी मे महिन्यात धरणात पाणी किती उरतं ते पाहा, हिवाळ्यात भिगवणला रोहित कुठे बसतात ते पाहा आणि तिथल्या मच्छीमारांना विचारा. फीत त्यानंतर कापा.