कोपीतला दिवा आणि ट्रॅक्टरचा सेल्फ

दसरा झाला की आमच्या धारूर, वडवणी, शिरूर कासारच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात. पूर्वी कोपीत रॉकेलचा कंदील असायचा. बैलगाडीला बॅटरी कुठली? ट्रॅक्टर आले, मोबाईल आले, आणि रातभर दिवा-चार्जिंगचा भार ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पडला. पहाटे सेल्फ मारला की नुसतं टक-टक. भरलेली ट्रॉली फडातच.

शिशाची बॅटरी फ्रान्सच्या प्लांते यांनी १८५९ ला केली. १९१२ ला कॅडिलॅक मोटारीत केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ आला आन् हँडल मारायचं सुटू लागलं. तेव्हापासून गाडीच्या बॅटरीचं मुख्य काम म्हणजे क्षणभर जोराचा करंट. त्यासाठी प्लेटा पातळ. रोज तळापर्यंत उतरवली तर लवकर बसते.

म्हणून दिव्यांसाठी वेगळी, जाड प्लेटांची बॅटरी ट्रॅक्टरवरच बसवा. दोन्हींच्या मधी रिले. त्याला इंजिन चालू असतानाच करंट मिळावा. चालू असताना दोन्ही चार्ज, बंद केलं की अलग. डायोडनंही जमतं, पण साध्या डायोडात ०.७ व्होल्टच्या आसपास जातात, दुसरी बॅटरी अर्धपोटी राहते. मला रिलेच पटतो. वायर जाड घ्या, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसजवळ फ्यूज टाकाच; कोपी पाचटाची असते.