‘बाहेरचे’ इथले कसे झाले?

चाकण-म्हाळुंगे पट्ट्यात कुठं चोरी झाली, भांडण झालं की गावाच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: “हे बाहेरचे लोक आल्यापासून...” म्हणून जरा मागचा हिशेब मांडतो.

फाळणीनंतर सिंधमधली उद्ध्वस्त कुटुंबं पिंपरीच्या छावणीत आली. आपल्याकडचे हे पहिले मोठे ‘बाहेरचे’. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण त्याच कॅम्पात जातो. १९५४ ला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, पाठोपाठ टेल्को, बजाज. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, केरळ, सगळीकडून माणसं आली. १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महापालिका. १९९१ ला पाच लाखांच्या आसपास असलेलं शहर २०११ ला सतरा लाखांच्या पुढं गेलं. आज ‘आम्ही इथले’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांची यात्रा अजून दुसऱ्याच गावात भरते.

मग ही माणसं इथली कशी झाली? परमनंट नोकरी होती. युनियन होती, मराठी आणि मल्याळी कामगार एकाच गेटसभेत बसत. १९७२ ला प्राधिकरण आलं, काहींना हक्काचं घर मिळालं. पोरं इथल्या शाळेत गेली. रेशनकार्डावर इथला पत्ता आला, मतदारयादीत नाव आलं. नाव आलं तसा नगरसेवकही दारात आला.

चाकणच्या आजच्या बिहारी, ओडिया पोराकडं यातलं काय आहे? नोकरी ठेकेदाराची, मत गावाकडं, खोलीला करारनामा नाही. १९७९ च्या कायद्यानं परराज्यातून आणलेल्या कामगाराला पासबुक आणि प्रवासभत्ता देणं ठेकेदाराला बंधनकारक केलं होतं. ते पासबुक किती जणांनी पाहिलं, विचारून बघा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अशीच माणसं डोक्यावर बोचकी घेऊन पायी निघाली. इथं थांबायला त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

खोल्यांचं भाडं मात्र आपल्याच घरात येतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना देतो, तसा त्याला रीतसर भाडेकरारही करून द्या. त्या एका कागदावर रेशनपासून मतदारयादीपर्यंतची सुरुवात होते, आणि हे काम सरकारची वाट न बघता खोलीमालक करू शकतो.

तुमच्या घरातलं पहिलं माणूस कुठून आलं, कोणत्या कंपनीत लागलं? कमेंटमध्ये लिहा.