गरीब घरातल्या मुलीचं लग्न 18 च्या आधी का लागतं? बदनापूर आणि मराठवाड्याचं गणित समजून घ्या

जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यान असलेला बदनापूर हा कोरडवाहू तालुका. कापूस, तूर, सोयाबीन, सगळं पावसावर. पाऊस हुकला की घरातली माणसं कामासाठी बाहेर पडतात. अशा वेळी घरात 14-15 वर्षांची मुलगी असेल, तर तिचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. अनेक घरांत त्याचं उत्तर असतं, लग्न.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) मध्ये 20 ते 24 वयाच्या महिलांना लग्नाचं वय विचारलं गेलं. 18 च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के होतं. जालना जिल्ह्यात ते सुमारे 35, बीडमध्ये जवळपास 44 आणि परभणीत 48 टक्के होतं.

आईबाप असं का करतात?

मुलीवर माया नसते म्हणून नाही. त्यांचा हिशेब वेगळा असतो.

पहिलं कारण स्थलांतर. जालना, बीड, परभणी भागातून हजारो कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वयात आलेल्या मुलीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही भीती असते. सोबत नेलं तर शाळा सुटते आणि फडावरच्या कोपीत सुरक्षितताही नसते.

दुसरं कारण उचल. मुकादम आगाऊ पैसे देतो ते 'कोयत्या'ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. एकट्या पोराला 'अर्धा कोयता' म्हणतात. लग्न झालं की कोयता पूर्ण होतो.

तिसरं कारण हुंडा. मुलीचं वय आणि शिक्षण वाढलं की हुंडाही वाढेल, या धास्तीने लग्न लवकर उरकलं जातं.

शाळा कुठे कमी पडते?

शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापर्यंतच, म्हणजे आठवीपर्यंत लागू आहे. पुढची शाळा दुसऱ्या गावात असेल आणि वेळेवर एसटी नसेल, तर मुलगी घरी बसते. घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळं यायला वेळ लागत नाही.

सरकारने काय केलं?

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. 41 तालुक्यांत मुलींचं एक आणि मुलांचं एक, अशी 82 वसतिगृहं ठरली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या कुटुंबांसाठी 'लेक लाडकी' योजना आहे. 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण 1 लाख 1 हजार रुपये मिळतात. त्यातले 75 हजार 18 वर्षं पूर्ण झाल्यावर. म्हणजे आज नववीत असलेल्या मुलीला या योजनेचा उपयोग नाही. तिला आत्ता वसतिगृहात जागा हवी आणि शाळेपर्यंत बस हवी.

कायदा काय म्हणतो?

2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 पूर्ण हवं. बालविवाह लावणाऱ्यांना 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बालविवाह झालाच, तर मुलगी वयाची 20 वर्षं पूर्ण होईपर्यंत तो रद्द करण्यासाठी न्यायालयात जाऊ शकते आणि पोटगीही मागू शकते. हा हक्क फार कमी मुलींना माहीत असतो.

तुम्हाला कळलं तर?

1098 या चाइल्डलाइन नंबरवर फोन करा. तो मोफत आहे आणि 24 तास सुरू असतो. गावात ग्रामसेवकाकडे बालविवाह रोखण्याचे अधिकार आहेत, अंगणवाडी सेविकेलाही सांगता येतं.

पण मांडवात थांबवलेलं लग्न चार महिन्यांनी दुसऱ्या गावात गुपचूप लागू शकतं. लग्नाची तारीख नंतर ठरते, त्याची सुरुवात शाळा सुटते त्या दिवशीच झालेली असते. म्हणून वर्गातली एखादी मुलगी दिवाळीनंतर परत आली नाही, तर चौकशी तेव्हाच व्हायला हवी.