हातअवजारे : पोलाद आणि ‘आजीवन’ हमी

एडिसन परिसरात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना पान्हा, पक्कड, हातोडी ही अवजारे लवकरच लागतात. निवड करताना पोलाद व हमी या दोन्ही गोष्टी तपासाव्यात.

क्रोम व्हॅनेडियम पोलाद ठोकून घडवलेला पान्हा ओतीव पान्ह्यापेक्षा अधिक ताण सोसतो. पकडीचा सांधा मात्र हाताने उघडझाप करूनच पारखावा. तो डगमगता असू नये.

सिअर्सची ‘क्राफ्ट्समन’ ही नाममुद्रा १९२७ पासूनची असून आजीवन हमीसाठी ख्यातनाम झाली. २०१७ मध्ये ती स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे गेली; २०१८ मध्ये सिअर्सने दिवाळखोरी जाहीर केली. हमी आजीवन असली, तरी दुकान तसे असेलच असे नाही. होम डेपोची ‘हस्की’ व लोजची ‘कोबाल्ट’ यांच्या हातअवजारांनाही आजीवन हमी आहे. विद्युत अवजारांची हमी मात्र वेगळी व बहुधा ठरावीक मुदतीची असते.

१९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार १० डॉलरहून महाग वस्तूची लेखी हमी ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’, हे नमूद करावे लागते. ‘आजीवन’ म्हणजे वस्तूचे आयुष्य की पहिल्या ग्राहकाचे, हेही वाचावे.

नाशिकच्या टपारिया कंपनीची पक्कड गावाहून आणली, तर ती इथल्या दुकानात बदलून मिळणार नाही. शिवाय भारतातील ठरावीक मापाचे पान्हे मिलिमीटरचे, तर येथील जुन्या घरांतील नट बहुधा इंचाचे असतात.