नर्सबाईंचं चुकलं, हे ठरवायचं कुणी?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या भागात दवाखान्यात कुणाला वाईट अनुभव आला की तक्रार तीन ठिकाणी जाते. पहिली डॉक्टरांच्या केबिनमध्ये, आवाज चढवून. दुसरी गावातल्या पुढाऱ्याकडं. आणि तिसरी, फारच झालं तर, पोलिस ठाण्यात. चौथं एक ठिकाण आहे, ते कुणाच्या गावीही नसतं. नर्सच्या व्यवसायातल्या गैरवर्तनाची चौकशी करायला आणि गरज पडली तर नोंदवहीतून तिचं नाव काढायला महाराष्ट्रात कायद्यानं बसवलेली एक संस्था आहे. तिचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषद, म्हणजेच नर्सिंग कौन्सिल. लोणी इथून हाकेच्या अंतरावर, तिथं नर्सिंगचं कॉलेज, आणि आमच्या कोल्हार-भगवतीपूरच्या कित्येक घरांतल्या लेकी-सुना या कामात. तरी कौन्सिलचं नाव निघतं ते फक्त रजिस्ट्रेशन आणि रिन्यूअलची फी भरताना.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला जरा मागं जावं लागतं.

नर्सची सरकारी नोंदवही ठेवावी की नाही, यावर इंग्लंडात तीस वर्षं भांडण चाललं. गंमत अशी, की विरोध करणाऱ्यांत खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. त्यांचं म्हणणं, परीक्षा घेऊन ज्ञान तपासता येईल, पण माणूस कसा आहे हे वहीत नाव घातल्यानं कळत नाही. समोर होत्या एथेल बेडफर्ड फेनविक. त्यांचा मुद्दा साधा होता: वहीच नसेल तर कुणीही पांढरा कपडा घालून नर्स म्हणवून घेईल आणि वाईट वागली तरी तिला थांबवता येणार नाही. या वादात न्यूझीलंडनं १९०१ सालीच कायदा करून टाकला, इंग्लंडला १९१९ उजाडलं. आपल्याला वाटतं नोंदवही म्हणजे नाव घालायची वही. पण तिची खरी ताकद नाव खोडण्यात असते.

खोडण्याची ही ताकद कशी वापरली गेली, तेही बघा. इंग्लंडात सुईणींसाठी १९०२ साली वेगळा कायदा झाला. त्याखाली नेमलेलं मंडळ सुईणीची पिशवी तपासायचं, कपडे तपासायचं, घर तपासायचं, आणि खासगी आयुष्यावरसुद्धा बोट ठेवून नाव काढायचं. गरीब बाया घाबरून असायच्या. शिस्त लावणारे वरच्या वर्गातले, शिस्त लागणाऱ्या खालच्या वर्गातल्या. बाळंतपणात पेशंट दगावली तर चौकशी सुईणीची. त्याच घरात उशिरा पोहोचलेल्या डॉक्टरची चौकशी त्या मंडळाच्या हातातच नव्हती. हा धागा लक्षात ठेवा, पुढं तो थेट आपल्या नगरपर्यंत येतो.

आपल्याकडं मिशन हॉस्पिटलांनी नर्सिंगचा पाया घातला. मिरजेला वानलेस, नगरला साल्व्हेशन आर्मीचं बूथ हॉस्पिटल. जुन्या पिढीला ही नावं वेगळी सांगायला नकोत. विधवा, परित्यक्ता, ख्रिस्ती झालेल्या दलित घरांतल्या मुली, यांना या कामानं पगार दिला आणि समाजानं बराच काळ नाकं मुरडली. मुंबई इलाख्यात नर्स, सुईणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. भोर समितीनं १९४६ साली हिशेब मांडला तेव्हा देशात साधारण त्रेचाळीस हजार माणसांमागं एक नर्स होती. इतक्या टंचाईत कुणाचं नाव खोडायला कोण निघणार? देशपातळीवर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा. राज्य झाल्यावर महाराष्ट्र नर्सेस ॲक्ट, १९६६ आला. परिषद, रजिस्ट्रार, नोंदवही, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर चौकशी करून नाव काढण्याचा अधिकार, हे सगळं त्यात आहे.

म्हणजे कायद्यात खोट नव्हती. पण नर्स नोकरी करते. डॉक्टर स्वतःचा दवाखाना टाकतो, त्याच्यावर मालक नसतो, म्हणून त्याच्यासाठी मेडिकल कौन्सिल हेच शिस्तीचं ठिकाण ठरलं. नर्सवर मात्र आधीपासूनच मेट्रन, सिव्हिल सर्जन, सीईओ, ट्रस्टी अशी उतरंड बसलेली. तिचं काही चुकलं की व्यवसायाची परिषद बोलायच्या आत मालक बोलतो. सरकारी कायम नोकरीतली असेल तर १९७९ चे शिस्त व अपील नियम लागतात: दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, म्हणणं मांडायची संधी. निलंबन झालं तरी निर्वाहभत्ता मिळतो. कंत्राटी असेल तर एक कागद येतो, उद्यापासून येऊ नका. आणि खासगी दवाखान्यात तर कागदही येत नाही.

हे सगळं एका जागी दिसलं ते आपल्याच जिल्ह्यात.

६ नोव्हेंबर २०२१. शनिवार, भाऊबीज. नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या कोविडच्या अतिदक्षता विभागाला सकाळी अकराच्या सुमारास आग लागली. आत सतरा पेशंट होते, त्यातले अकरा त्या दिवशी गेले. कोविडमधून वाचायला आलेली माणसं धुरानं गेली. त्या दिवशी जिल्ह्यातल्या किती घरांत ओवाळणीचं ताट तसंच राहिलं असेल.

८ तारखेला कारवाई जाहीर झाली. जिल्हा शल्यचिकित्सक, दोन वैद्यकीय अधिकारी आणि एक परिचारिका निलंबित. आणखी दोन परिचारिकांची सेवा समाप्त. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी चौघींना अटक केली, एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालची चौकशी समिती नेमून झाली होती, तिचा अहवाल अजून यायचा होता. म्हणजे आधी शिक्षा, मग अटक, आणि कारण शोधायचं काम चालूच. नर्सच्या आणि डॉक्टरांच्या संघटनांनी आवाज उठवला की वायरिंग, आगरोधक यंत्रणा, इमारत हे नर्सच्या हातात असतं का? फायर ऑडिट झालं होतं पण त्यातल्या सूचनांची अंमलबजावणी रखडली होती, अशा बातम्या त्याच आठवड्यात छापून आल्या.

माझं मत सरळ सांगतो. कुणालाच विचारू नका, असं मी म्हणणार नाही. आग लागल्यावर त्या कक्षात कोण होतं, कोण नव्हतं, पेशंट बाहेर काढायला काय केलं, हे प्रश्न रास्तच आहेत. ज्यांचा बाप गेला, त्यांना उत्तर मिळालंच पाहिजे. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आग का लागली आणि का पसरली, हा एक. कामावरच्या नर्सनं तिच्या शिक्षणाला आणि कर्तव्याला धरून वर्तन केलं का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर द्यायला अतिदक्षता विभागात रात्री काढलेली माणसं लागतात. एका नर्सकडं किती पेशंट होते, धूर किती मिनिटांत भरला, व्हेंटिलेटरवरचा पेशंट एकटीनं हलवता येतो का, हे ठाणे अंमलदाराला कसं कळणार? परिषदेची शिस्त समिती याच कामासाठी असते. दोन्ही प्रश्न एकाच पाटीत भरले की पाटी सगळ्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर जाते.

आणि हे नगरलाच पहिल्यांदा झालं असंही नाही. दहा महिने आधी, ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर, भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती, दहा गेली, सात वाचली. तिथंही शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधिकारी आणि इन्चार्ज सिस्टर निलंबित. कंत्राटी बालरोगतज्ज्ञ आणि दोन कंत्राटी परिचारिका घरी. पुढच्या महिन्यात पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो त्या दोन परिचारिकांवर. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले आणि त्याच वर्षाच्या दिवाळीत नगर जळलं.

कुणी म्हणेल, परदेशात बरं चालतं. तसं सरसकट नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या एका नर्सनं २०१७ मध्ये औषधाच्या यंत्रातून भलतंच औषध काढून दिलं, पेशंट गेली. तिनं स्वतःच चूक सांगितली होती. राज्याच्या नर्सिंग बोर्डानं आधी कारवाई नको म्हटलं. पुढं सरकारी वकिलांनी खटला भरल्यावर त्याच बोर्डानं २०२१ मध्ये तिचं लायसन्स काढलं आणि २०२२ मध्ये कोर्टानं तिला दोषी धरलं. तुरुंगाऐवजी तीन वर्षांची देखरेख दिली. त्यावर तिथल्या नर्सचा प्रश्न होता: चूक सांगणारीची ही गत, तर उद्या कोण सांगेल? नेदरलँड्समध्ये तर एका नर्सला आकडेवारीच्या चुकीच्या हिशेबावर जन्मठेप झाली आणि २०१० मध्ये ती निर्दोष ठरली. तिकडची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये नर्सवरच्या तक्रारीचा निकाल कारणांसह सार्वजनिक होतो: आरोप काय, पुरावा काय, तिनं काय सांगितलं, शिक्षा किती आणि का. लोकांना उत्तर मिळतं, आणि बाकीच्या नर्सना कळतं की नेमकं कुठं चुकलं होतं.

आता गावपातळीवर या. आपल्या तालुक्यांच्या दवाखान्यांत पांढऱ्या नाहीतर निळ्या कपड्यात जी मुलगी सलाइन लावते, ती कोण? तीन वर्षांचं जीएनएम, चार वर्षांची बीएस्सी की एएनएम? की बारावीनंतर सहा महिन्यांचं कुठलं तरी सर्टिफिकेट? परिषदेच्या नोंदवहीत नावच नसेल तर नाव काढण्याचा प्रश्न येत नाही, तक्रार चालवायला माणूसच नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. इंजेक्शनच्या जागी गाठ आली, पिकली, कापावी लागली. इंजेक्शन देणारीचं नाव विचारलं तर दवाखान्यातून उत्तर आलं, ‘सिस्टर सोडून गेली.’ दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण ही एकाची गोष्ट नाही. पण दोष त्या मुलीला देताना जरा थांबा. महिना काही हजारांवर तिला त्या कामाला लावलं कुणी? १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा दवाखान्यात पात्र नर्स हवी असं सांगतो, आणि ती ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. अशा प्रकरणात तक्रार दवाखान्याविरुद्ध करायची, आपल्याकडं ग्रामीण भागात जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडं. जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि तक्रार निवारणाची सोयही घातली आहे. सनद दर्शनी भागात लावलेली असायला हवी. पुढच्या वेळी काउंटरवर पैसे भरताना भिंतीकडं एकदा बघा.

दोन गोष्टी अजून, कारण कायदा सध्या बदलतोय.

पहिली. नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशन ॲक्टला ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. १९४७ च्या कायद्याची जागा तो घेणार. राज्याराज्यांत आयोग, व्यावसायिक वर्तनाची संहिता, शिस्तीची कारवाई आणि वर दाद मागायला राष्ट्रीय पातळीवरचं नीतिमत्ता व नोंदणी मंडळ, अशी रचना आहे. त्या आयोगावर कोण बसतं हे बघावं लागेल. तिथं जिल्हा रुग्णालयात वॉर्ड सांभाळलेली नर्स असली तर वेगळा निकाल लागेल, आणि सगळे कॉलेजवाले असले तर वेगळा.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं की डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा चालवण्याआधी तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्या, आणि उठसूट अटक करू नका. योग्यच होतं. पण निकालाची भाषा डॉक्टरांची होती. नगरला चौघी आत गेल्या तेव्हा नर्सना कळलं की त्या भाषेत त्यांना जागा शोधावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकानं वैद्यकीय प्रक्रिया करताना तसं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. आणि वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे कोण, ते खाली स्पष्टीकरणात लिहिलंय: नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्याखाली मान्य पदवी आणि मेडिकल रजिस्टरमध्ये नाव. नर्सचं नाव त्या रजिस्टरमध्ये नसतं, ते नर्सिंगच्या नोंदवहीत असतं.

म्हणजे एकाच टेबलावर, एकाच पेशंटवर, एकाच मिनिटाला दोघांच्या हातून चूक झाली, तर डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं आणि शेजारी ट्रे धरून उभ्या असलेल्या सिस्टरला पाच. हे कलम संसदेत मंजूर होताना आपल्या राज्याचे खासदारही लोकसभेत होते. नर्सिंगला असलेल्या मुलींनी, त्यांच्या आईबापांनी, आता जे निवडून गेलेत त्यांच्याकडं एवढं एक स्पष्टीकरण दुरुस्त करायची मागणी लेखी करावी. अर्जाचा मसुदा मी करून ठेवलाय. ज्यांना हवा त्यांनी इनबॉक्समध्ये या.