शरीराने आजारी, मनाने सावध

जुनी मृत्युपत्रं वाचायला मिळाली तर जरूर वाचा, मंडळी. मालमत्तेच्या यादीसाठी नव्हे, पहिल्या दोन ओळींसाठी. 'माझी प्रकृती बरी नसते, देहाचा भरवसा नाही, पण मी पूर्ण शुद्धीवर आहे' अशा अर्थाचं काहीतरी तिथे हमखास असतं. मला वाटायचं, ही आपल्याकडच्या वकिलांची ठरलेली भाषा. पण हे वाक्य मध्ययुगीन इटलीतल्या लॅटिन मृत्युपत्रांतही जवळपास असंच सापडतं : शरीराने आजारी, मनाने सावध.

तिथे ते लिहायचा नोटरी. तेराव्या शतकात बोलोन्या हे शहर या विद्येचं माहेरघर होतं. रोलांदिनो पासाज्जेरी नावाच्या तिथल्या नोटरीने लिहिलेलं दस्तांच्या मसुद्यांचं पुस्तक पुढे कित्येक पिढ्या वापरलं गेलं. १२६५ साली शहराने महत्त्वाच्या करारांची आणि मृत्युपत्रांची सरकारी वह्यांत नोंद सुरू केली. आणि १३४८ साली प्लेग आला.

त्या प्लेगबद्दल आपण ऐकलेलं असतं ते बोकाच्चोने फ्लॉरेन्सबद्दल लिहिलेलं : बापाने मुलाला टाकलं, भावाने भावाला. पण बोलोन्याच्या दफ्तरखान्यात त्याच वर्षीची मृत्युपत्रं आहेत, ढिगाने. याचा अर्थ सरळ आहे. मरणाऱ्या माणसाजवळ नोटरी गेला होता. साक्षीदारही गेले होते. रोग उशाशी बसलेला असताना कोणीतरी विचारत होतं, बाबा, तुझी इच्छा काय?

आपल्याकडे असा नोटरी नव्हता. शिवकाळात, पेशवाईत लिहायला कुलकर्णी आणि खातरजमेला गोत. महजरावर ज्याला लिहिता येत नाही तो आपली निशाणी करायचा; कुणब्याची निशाणी नांगर. आज दस्तावर 'निशाणी डावा हात अंगठा' लिहितात, त्यातली 'निशाणी' तीच. शेजारी गोव्यात मात्र पोर्तुगिजांमुळे युरोपातली रीत थेट आली. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे नोटरीसमोर, त्याच्या वहीत मृत्युपत्र करायची पद्धत तिथे रुजली आणि २०१२ च्या गोव्याच्या कायद्यानेही ती ठेवली.

इंग्रजांच्या काळात नोटरीचं काम मुख्यतः व्यापाराचं, न वटलेल्या हुंड्यांचं. आणि गंमत म्हणजे हिंदुस्थानातल्या नोटरींच्या नेमणुका कँटरबरीच्या आर्चबिशपच्या एका कचेरीतून व्हायच्या! आपला स्वतःचा नोटरी कायदा आला तो १९५२ साली. पण आजाऱ्याची आठवण त्याआधीच्या एका कायद्याला होती. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं ३८ वं कलम म्हणतं की शारीरिक दुर्बलतेमुळे ज्याला कचेरीत येणं धोक्याचं किंवा फार त्रासाचं आहे त्याला बोलावू नये. अधिकाऱ्याने स्वतः जावं किंवा कमिशन पाठवावं. त्याच कलमात तुरुंगातला माणूसही आहे. खाटेला खिळलेला आणि गजाआडचा, दोघांकडे कायदाच चालत जातो.

हे सगळं शोधायला कारण झालं आत्याचं आजारपण. ती पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये होती, पेन्शनची आणि बँकेची कामं अडली होती, म्हणून कुलमुखत्यारपत्र करायचं ठरलं. कोर्टाबाहेरच्या एका टेबलावर उत्तर मिळालं, "पेशंटला कशाला त्रास? अंगठा घेऊन या, शिक्का मारून देतो." बाबांना ते पटलं नाही. मग ओळखीतून एक वयस्कर नोटरी मिळाले. पिशवीत जाडजूड रजिस्टर, शाईचं पॅड, गोल शिक्का. आत्याच्या उजव्या हाताला सलाइन. त्यांनी आधी डॉक्टरांकडून ती शुद्धीवर असल्याचा दाखला घेतला आणि मग आम्हां सगळ्यांना बाहेर काढलं. बाबांनाही.

दारातून ऐकू येत होतं. "आजी, नाव सांगा. हा कागद कसला आहे? कोणाला अधिकार देताय?" मग त्यांनी एकेक कलम वाचून दाखवलं. छापील मसुद्यात घर विकण्याचाही अधिकार होता. तिथे आत्याचा आवाज एकदम शाळेतला झाला (तीस वर्षं मास्तरीण होती ती). "घर नाही. पेन्शन आणि बँक, बास." ते कलम खोडलं गेलं, खोडलेल्या जागी तिची सही घेतली. अंगठा चालेल म्हणाले, तर तिने सलाइनच्या हाताने तीन मिनिटं लावून सहीच केली. त्या आठवड्यात कोणीतरी तिला काहीतरी विचारलं असं तेवढं एकदाच घडलं. बाकी सगळे तिला सांगत होते.

एक गोष्ट मात्र माहीत असलेली बरी. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही तर मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे माणूस कोमात गेल्यावर त्या कागदाचा आधार उरत नाही. पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. आणि मृत्युपत्राला नोटरी लागतच नाही. दोन साक्षीदार लागतात.

उपचार कुठे थांबवायचे हे आधी लिहून ठेवायचा हक्क तर अगदी अलीकडचा. मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग ४२ वर्षं पडून होत्या. २०११ साली त्यांच्यावरून सर्वोच्च न्यायालयात वाद झाला, तेव्हा त्यांची इच्छा काय हे बाकीच्यांनीच सांगायचं होतं. २०१८ साली न्यायालयाने असं इच्छापत्र मान्य केलं, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती. ते इतकं अवघड होतं की २०२३ साली अट सैल झाली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. म्हणजे फिरून आपण बोलोन्याच्याच नोटरीपाशी आलो.

एवढ्या शतकांत शाई बदलली, कायदे बदलले, विचारणं तेवढं तेच राहिलं. शिक्का त्या विचारण्याची पावती आहे. न विचारता मारलेल्या शिक्क्याने कागद पुरा होत असेल, माणूस मात्र त्यातून वगळला जातो. तेव्हा घरात कोणी आजारी असेल आणि कागद करायची वेळ आली, तर घरी-दवाखान्यात येणारा नोटरी शोधा. त्याने तुम्हाला खोलीबाहेर जायला सांगितलं तर रागावू नका. माणूस बरोबर मिळालाय असं समजा.