बापाचा विसावा आणि रेव्हरंड टिळक



आमच्या कुरुंदवाडहून पंचगंगा ओलांडली की नरसोबाची वाडी. त्यामुळे संन्यास हा शब्द इथे लहानपणापासून कानावर असतो. वाडीशी जवळचा संबंध असलेल्या टेंबेस्वामींनी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींनी, १८९१ साली पत्नी वारल्यावर संन्यास घेतला. प्रपंच संपला आणि मग वेश बदलला. आपल्याकडची रीत साधारण अशीच.

पण ज्याचा प्रपंच अजून चालू आहे, त्या बापानं विसावा कुठे शोधायचा? प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणसापुढे तर हा प्रश्न अधिकच होता. त्यांच्या पाळकाला बायकामुलं असतात आणि संन्यासाश्रमाची वाट नसते. दमल्याभागलेल्यांना विसावा देण्याचं येशूचं वचन असतं. पण सकाळी पीठ संपलेलंच असतं!

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं माहेरच्या माणसांत राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. पैसा टिळकांच्या हातात टिकत नसे. अनाथ मुलं मात्र घरात येत आणि घरचीच होत. १९१७ साली पन्नाशी ओलांडलेल्या टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

हा संन्यास नवलाचा होता. पगार सुटला, पण बायकामुलं सुटली नाहीत. 'हे सगळं माझं, मीच ओढतोय' हा अभिमान तेवढा टिळकांनी खाली ठेवला. ख्रिस्ती धर्मातला विसावा असा असावा, असं मला वाटतं. ओझं टाकून पळायचं नाही, मालकी सोडायची.

तरीही मास्तरकी गप्प बसू देत नाही. नवऱ्यानं पगार सोडला की चूल कोण पेटवतं? बापाच्या खांद्यावरून उतरलेलं ओझं हवेत राहत नाही, ते घरातल्याच दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर जातं. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, पण त्या हसण्यामागे हा हिशेब आहे. त्यांनी तो कडवटपणे मांडला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहीत नेलं आणि शेवट मुलानं, देवदत्तांनी केला. म्हणजे कवितेचं ओझंसुद्धा घरानंच उचललं.

माझ्या वयाच्या मित्रांनो, "आता मी मोकळा झालो" असं म्हणण्याआधी स्वयंपाकघरात डोकावून एकदा विचारा, "आणि तू?" तिचं उत्तर आलं की मग दोघांनी मिळून विसावा घ्या.